कर्नलसाहेबांची नाकाबंदी

आमचे कर्नलसाहेब इतके घाबरट, की पाल चुकचुकली तरी हेल्मेट घालत. तापीच्या पुलावर त्यांची स्कूटर अशी चाले, की बैलगाड्या त्यांना मागे टाकत आणि बैल मान वळवून बघत. फौजेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता; ते बऱ्हाणपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करत. कॉम्प्युटरच्या पोटातल्या मूळ प्रोग्रामाला कर्नेल म्हणतात, आणि साहेबांच्या तोंडी दिवसभर तेच. शाहपूर रस्त्यावरच्या आमच्या कोल्ड स्टोरेजच्या चौकीदाराने एक दिवस त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. बढती तिथंच झाली.

भीती हीच त्यांची विद्या. "यंत्र चालू आहे म्हणजे काय, अजून बंद पडलं नाही एवढंच," असं ते म्हणत.

त्या उन्हाळ्यात आमचा जुना सर्व्हर निळा पडू लागला. पडदा निळा, काम ठप्प. केळीच्या खोल्यांचं तापमान कुणी हातानं बघेलही. पण थंडावा करणाऱ्या यंत्रातून विषारी अमोनिया गळला तर भोंगा वाजवणारा प्रोग्रामही त्याच सर्व्हरवर. सर्व्हर पडला की भोंगा मुका. आणि आत क्रेट रचणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ गोपाळ. मला भाकरीचा घाससुद्धा अमोनियाचा लागायचा.

"साहेब, मेमरी तर पूरी खाली आहे, तरी पडतो," मी फोनवर रडलो. आम्हा बऱ्हाणपूरवाल्यांची खाली म्हणजे रिकामी. साहेब मूळचे नाशिकचे. "खाली? खाली कुठं?" म्हणत ते आले, आणि खरोखर खाली बघू लागले, सगळ्या प्रोग्रामांच्या खाली, थेट कर्नेलात! तिथं तोवर कुणी डोकावलंच नव्हतं.

"हे बघ," ते कुजबुजले. "ओसरी मोकळी, पण देवघर खचाखच. जुन्या सर्व्हरात कर्नेलला स्वतःची जागा एवढीशीच. ती संपली की घर बसलं."

त्या जागेच्या प्रत्येक तुकड्यावर, तो कुणी घेतला त्याची चार अक्षरांची खूण असते. एकाच खुणेचा आकडा लग्नातल्या मामासारखा फुगत चालला होता. खूण निघाली भोंग्याच्या पेटीला सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रामाची, म्हणजे ड्रायव्हरची. गळती पकडायला बसवलेला, आणि तोच गळका! दर खेपेला जागा घ्यायचा, परत द्यायचं नाव नाही.

खात्री करायची तर पेटी काढून बघायला हवी. म्हणजे तोवर भोंगा नाही.

"आधी माणसं बाहेर," साहेब म्हणाले.

शेठ उखडले. "अन् केळं काळं पडलं तर?"

"शिकरण करा. माणसाचं काय कराल?"

माणसं बाहेर आली. पण शेठ कॉम्प्रेसर काही बंद करू देईनात. म्हणजे वास आला की तो थांबवायचं बटण दाबायला कुणीतरी यंत्राशी हवंच.

"मी राहतो ना उभा, त्यात काय!" गोपाळ निघालाच. साहेबांनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. "माझं नाक तुझ्याहून तेज आहे," म्हणाले आणि आत गेले.

पेटी काढून मी पडद्यापुढे. आकडा हलेना, मीही हलेना. घाम असा, की खुर्ची तापीला लागली असती. फुगणं थांबलंय याची पुरती खात्री झाली तसा मी यंत्रघराकडे पळालो.

"साहेब, सापडला!"

मी दारावर थाप मारली.

"साहेब!"

कॉम्प्रेसरच्या घरघरीत माझी हाक मलाच ऐकू येईना. दार ढकललं, तर साहेब बटणावर हात ठेवून, डोळे फाडून उभे. पापणी लवत नव्हती.

"वास नाही ना आला?" मी त्यांच्या कानात ओरडलो.

"कसा येणार? सर्दीनं नाक चोंदलंय."

"मग आत कशाला आलात?"

"डोळे उघडे होते ना. अमोनिया डोळ्यांनाही झोंबतो." आणि मला दंडाला धरून बाहेर काढत म्हणाले, "पोराला सांगू नकोस. पुन्हा पुढं पुढं करेल."

नवा ड्रायव्हर बसला, सर्व्हर पडायचा थांबला. दिवाळीच्या आधी साहेब कायमचे नाशिकला निघाले. त्यांना पोहोचवायला आम्ही दोघं भाऊ स्टेशनवर गेलो. गाडी दिसेनाशी झाली तरी गोपाळ रुळांकडे बघत होता.

"भाऊ, साहेबांचं नाक मोठं तेज होतं हां."

मी म्हटलं, "हो."