वायच गप रवा

डावा हात वर जायचा, पंजा समोरच्याच्या तोंडापुढे उघडायचा आणि मान न वळवता त्या म्हणायच्या, "वायच गप रवा." मग दोन्ही हातांनी इंजेक्शन भरायला घ्यायच्या. बाटलीवरचं नाव ओठातल्या ओठात वाचायच्या, पेशंटचं नाव घ्यायच्या, सुई उजेडात धरायच्या. टोचून झालं, ट्रॉलीपाशी परत आल्या, की म्हणायच्या, "हां, आता बोला." तोवर बोलायचं नाही. मग समोर पेशंटचा जावई असो की मोठे डॉक्टर.

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत घाटकोपरच्या एका हॉस्पिटलला मी ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवायचो. आयसीयूत प्रत्येक खाटेशेजारी एक लोखंडी सिलिंडर उभा असे. या सिस्टर तिथल्या इनचार्ज. मी हातगाडी ढकलून सुरुवात केलेला माणूस. तोवर स्वतःचा टेम्पो झाला होता. मला गप बसवणारा अजून जन्मायचा आहे, असं मी चारचौघांत म्हणत असे.

एकदा सिस्टरांनी तक्रार केली की आलेला सिलिंडर अर्धा आहे. मी अंधेरीहून टेम्पोत बसल्यापासून शिव्यांची उजळणी करत आलो आणि दारातूनच सुरू झालो, "कोण म्हणतं माझा माल अर्धा?" हात वर गेला. मी थांबलो नाही. त्यांनी शांतपणे भरलेली सुई टाकून दिली आणि दुसरी घेतली.

"शेट, तुमच्यामुळा ह्या इंजेक्शन फुकट गेला. आता परत पयल्यापासून."

ते होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभा राहिलो. सगळं आटोपून त्या माझ्याकडे वळल्या. "हां, आता भांडा."

मला एक शिवी आठवेना. सिलिंडर खरंच अर्धा निघाला, ही गोष्ट वेगळी.

पुढे आमचं जमलं. त्या देवगडकडच्या, एवढी वर्षं मुंबईत काढून बोली मात्र तिकडचीच. हाताखालच्या बहुतेक पोरी केरळच्या. मराठीतलं दुसरं काही येण्याआधी त्या पोरी 'वायच गप रवा' शिकल्या, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना पेशंटसुद्धा हसायचे. मी विचारलं, "सिस्टर, हा काय हट्ट? एक शब्द ऐकला तर काय बिघडतं?"

"शेट, माणसाच्या डोक्यात एकच पाट आसता. दुसरो येवन बसलो की पयलो उठान जाता. आणि उठलेलो खंय गेलो, ता नंतर गावत नाय."

तुम्ही दुकानात पैसे मोजत असताना कोणी भाव विचारला, तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आपण पुन्हा मोजतो. त्यांना पुन्हा टोचता येत नव्हतं, एवढाच फरक.

मग नर्सा आखातात जायला लागल्या. एकेक पोरगी पेढे वाटून निघून जायची आणि तिच्या जागी कोणी यायचं नाही. विश्वस्तांना खाटा भरलेल्या हव्या होत्या; नर्स कमी पडल्याचं कोणाला दिसत नव्हतं. सिस्टर एका पाळीला लागून दुसरी पाळी करायला लागल्या. खाटांपाशी त्या पूर्वीसारख्याच होत्या. बाहेर मात्र घसरत होत्या. कँटीनवाला चहात साखर घालू लागला की आजूबाजूच्यांना गप करायला हात वर करायच्या, मग स्वतःच ओशाळायच्या. एकदा माझ्या मुलीची परीक्षा कशी झाली हे त्यांनी एका भेटीत तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "सिस्टर, मघाशीच पास झाली." त्या हसल्या नाहीत.

"पाट झिजलो हा, शेट," म्हणाल्या.

त्याच सुमारास नवे सुपरिंटेंडंट आले. कापड कंपनीतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे. गोड बोलणाऱ्याशी सौदा करताना मी खिसा धरून बसतो. विश्वस्तांपैकी एक जण पाहुण्यांना आयसीयू दाखवायला घेऊन आले होते, त्यांनाही सिस्टरांनी पंजा दाखवला होता. त्यावर साहेबांनी सिस्टरांना बोलावून सांगितलं, "सिस्टर, हे हात दाखवणं बंद. लोकांना उद्धटपणा वाटतो." आणि कुठली खाट रिकामी होते ते ऑफिसात बसल्या बसल्या कळावं म्हणून आयसीयूत फोन बसवला. बसवला कुठे, तर औषधांच्या ट्रॉलीला लागून. वाजला की हातातलं ठेवून उचलायचा, असा हुकूम.

मी तो पाहिला तेव्हा म्हटलं, "याला पंजा दाखवा आता."

"त्याका डोळे नाय, शेट."

व्हायचं ते भर दुपारी झालं. एका म्हाताऱ्या पेशंटला त्यांनी इन्सुलिन टोचलं. ट्रॉलीपाशी येऊन तसं लिहिणार, तोच फोन वाजला. विश्वस्तांच्या ओळखीच्या कोणाला खाट हवी होती. कोणती रिकामी होईल, लवकर सांगा. बोलणं लांबलं. फोन ठेवला तेव्हा टोचल्याचं त्यांच्या डोक्यातून उठून गेलं होतं. त्यांनी दुसरी सुई भरली आणि त्याच म्हाताऱ्याला पुन्हा टोचली. तो घामाने भिजायला लागला तेव्हा ट्रेमध्ये दोन रिकाम्या सुया पाहून त्यांना कळलं. त्यांनी ग्लुकोज चढवलं, डॉक्टरांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी दोनदा दिलंय." म्हातारा वाचला. त्या गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं.

चौकशी बसली. आता ऐका, कारण इथे माझा संबंध येतो. सुपरिंटेंडंटच्या केबिनमध्ये मी स्वतःहून गेलो. सिस्टरांना काढलंत तर सिलिंडर बंद करीन म्हणालो. ते हसले. "करा की. अंधेरीचाच दुसरा माणूस तुमच्यापेक्षा कमी भावात द्यायला बसलाय." मग मी आवाज उतरवला आणि सौदा केला. शेवटी ठरलं ते असं. सिस्टरांनी चौकशीत फोनचा उल्लेख करायचा नाही, थकव्याने चूक झाली म्हणायचं. नोकरी जाणार नाही, फक्त जनरल वॉर्डात बदली.

आयुष्यात एवढ्या पडत्या बाजूने एवढा चांगला सौदा मी कधी केला नव्हता. धावत सिस्टरांकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि फोन?"

"फोनचं काय घेऊन बसलात? तुमची नोकरी राहते."

"फोन वाजलोच नाय असा मी सांगलंय, तर तो थंयच रवतलो. उद्या दुसऱ्या पोरीच्या हातात सुई आसतली."

"मग तुम्ही एकट्या मरणार का तिच्यासाठी? घरी आई आहे तुमची. खाणार काय?"

मी खूप बोललो, ओरडलो. त्यांनी डावा हात वर केला. त्यांच्या हातात त्या वेळी सुई नव्हती.

चौकशीत त्यांनी फोनचं सांगितलं, हुकुमाचं सांगितलं, दुप्पट पाळ्यांचं सांगितलं. विश्वस्तांनी चहा घेत ऐकलं आणि निष्काळजीपणा म्हणून त्यांना काढून टाकलं. फोन तिथेच राहिला. त्याच्या खाली एक सुंदर लाकडी फळी मात्र बसवली. पुढच्या खेपेला माझं कंत्राटही गेलं. ते मी समजू शकतो, धंदा आहे. फळी मी अजून विसरलेलो नाही. त्या हॉस्पिटलवरून जाताना आजही मी मान फिरवतो. राग गेला का, असं विचारू नका.

काही वर्षांनी मुलुंडला गेलो असता एका कोकणी मालाच्या दुकानात त्या दिसल्या. भावाचं दुकान होतं. नरसाळं लावून बाटलीत कोकमाचं आगळ ओतत होत्या. एक बाई मसाल्याचा भाव विचारत होती, दुसरी पिशवी मागत होती, आतून भाऊ हाका मारत होता. त्या ओतता ओतताच सगळ्यांना उत्तरं देत होत्या. आगळ बाटलीबाहेर गेलं, लाल ओघळ फळीवरून खाली आला. हात काही वर गेला नाही.

मला राहवलं नाही. मी पुढे झालो आणि त्या बायकांपुढे पंजा धरला. "वायच गप रवा. त्यांचं होऊ द्या."

बायका चपापल्या. सिस्टरांनी वर पाहिलं, मला ओळखलं.

"हात खाली करा, शेट," त्या म्हणाल्या. "हंय कोण मरत नाय."

आणि फडक्याने फळी पुसत त्यांनी मसाल्याचा भाव सांगितला.