एक कमी हाय

आबा संध्याकाळी माणसं मोजायचे. थट्टा नाही करत, खरोखर मोजायचे. डांबरी सडक सोडून आमच्या कॉलनीचा मुरमाचा रस्ता जिथं आत वळायचा, तिथं गटारासाठी आणलेला सिमेंटचा एक मोठा पाइप पडला होता. गटार काही होत नव्हतं, त्यामुळे पाइप आबांचाच झाला होता. दिवस कलला की खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन आबा त्यावर येऊन बसायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून ओठ हलवायचे. सगळे आले की उठायचे. एखादा राहिला की घराकडे तोंड करून हाक द्यायचे, "सुमन, एक कमी हाय!" सुमनवहिनी म्हणजे त्यांची सून. ती आतून ओरडायची, "असू द्या! तुमी जेवा!" पण आबा जेवायचे नाहीत. आकडा जुळल्याशिवाय हा माणूस भाकरीला हात लावत नसे, आणि तो कमी पडणारा एक म्हणजे बहुतेक वेळा मी असायची.

मी मूळची वडगाव निंबाळकरची. नव्वद सालाच्या पुढंमागं बारामतीच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. रोज एसटीनं ये-जा करता आली असती, पण घरी सांगितलं की जाण्यायेण्यात फार वेळ मोडतो. खरं कारण वेगळं होतं. आमच्या गावात स्टँडवर जायचं तर वाटेत सात जण विचारायचे, "कुठं चाललीस?" आणि परतताना तेच सात जण, "कुठं गेल्तीस?" मला त्या प्रश्नाचा वीट आला होता. बारामती तेव्हा झपाट्यानं वाढत होती. एमआयडीसी होती, कॉलेजं होती, कुठून कुठून माणसं येऊन राहत होती. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, असं गाव म्हणजे मला स्वर्ग वाटत होता. आणि त्या स्वर्गाच्या दारातच हा म्हातारा! खोली घेतली त्याच संध्याकाळी त्यानं मला विचारलं काय, तर "कुठं गेल्तीस गं?"

आबा कऱ्हाटीकडचे धनगर. सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. मुलगा एका कारखान्यात लागला, त्यानं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, मेंढरं विकली आणि बापाला इथं आणलं. मेंढरं गेली, पण मोजायची सवय कुठं जाणार? रानात मुक्काम पडला की मेंढरांसाठी वाडा लावायचा, संध्याकाळी एकेक मेंढरू आत घेताना मोजायचं आणि मग आपण जेवायचं, हा त्यांचा नेम. मोजायचे तेही विसाविसांनी. मी आले तेव्हा कॉलनीत अकरा घरं होती आणि माणसं दोन इसा आणि सात. मी धरून आठ. मला कुणी विचारलंही नाही, परस्पर धरून टाकलं!

कचेरी सुटल्यावर मी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. त्यानंतर मैत्रिणीबरोबर भेळ व्हायची, दुकानं बघणं व्हायचं. परत यायला आठ वाजायचे. पाइपावर आबा बसलेलेच. "आलीस? बरं," एवढंच म्हणायचे आणि गुडघ्यावर हात टेकून उठायचे. बोलणी खायची ती वहिनीकडून. दारात उभी राहून ती म्हणायची, "ताई, जरा येळंवर येत जावा की. तुमच्यापायी आमचं म्हातारं उपाशी मरंल एखाद्या दिवशी." घ्या! भूक त्यांची, हट्ट त्यांचा आणि गुन्हेगार कोण, तर मी. एकदा मी तडकलेच. म्हटलं, "आबा, मी काय मेंढरू आहे?" आबांनी त्यावर अगदी गंभीरपणे विचार केला. "न्हाय गं," ते म्हणाले, "मेंढरू येळंवर येतं."

अहो, आधी जेवून घेतलं तर काय आभाळ कोसळेल, असंही मी विचारून पाहिलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, "तरणा हुतो तवा एकदा आदी जेवलो आन् मग मोजलं. एक कोकरू कमी. सकाळी वढ्यात नुसती लोकर घावली." सांगून झाल्यावर तंबाखू मळत बसले. ही गोष्ट घडून चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील. त्या कोकरापायी मी क्लास सोडायचा होता की काय? पण दुसऱ्या दिवशी भेळ न खाता घरी आले, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली.

पुढं कॉलनीच आबांच्या हाताबाहेर गेली. अकरा घरांची तीस झाली, घरांवर मजले चढले, खोल्याखोल्यांतून कॉलेजची पोरं चार-चार जण राहू लागली. मोटरसायकली भुर्रकन आत जायच्या आणि आबा ओरडायचे, "आरं, दम धर! तोंड बघू दे!" पोरं हसायची. घरी पाहुणे आले की आकडा वाढायचा, मग घरोघर जाऊन पाहुणे वजा करायचे. वहिनीच्या भाकरी तव्याशेजारी गार. त्यातच नगरपालिकेनं मागच्या बाजूनं नवा रस्ता काढला. सगळ्यांनी पेढे वाटले, कारण बाजार जवळ आला. आबा एकटेच चिडले. "वाड्याला कुठं दोन तोंडं असत्यात व्हय?" माणसं मागून येऊन, जेवून, टीव्हीपुढं बसलेली असायची आणि आबा पुढच्या तोंडाशी त्यांची वाट बघत उपाशी. मग ते दोन्ही तोंडांच्या मधे फेऱ्या घालू लागले. ते मागं गेले की माणसं पुढून यायची. बघवत नव्हतं, आणि त्यांना सांगून काही उपयोगही नव्हता.

नवीन राहायला आलेल्या एका साहेबांनी शेवटी मीटिंग बोलावली. हा म्हातारा आमच्यावर पाळत ठेवतो, बायकामुलींना येण्याजाण्याच्या वेळा विचारतो, हे सभ्य वस्तीत शोभत नाही, वगैरे. आबांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. मी आबांच्या बाजूनं बोलायला हवं होतं. बोलले नाही. खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं मला मनातून पटत होतं. मीटिंग संपल्यावर आबा एकेकापाशी गेले आणि शांतपणे विचारू लागले, "तुमाला इकल्यालं धरू का?" विकलेलं मेंढरू मोजणीतून जातं, त्याची वाट बघायची नसते. लोकांनी हसत हसत माना हलवल्या. घरंच्या घरं विकली गेली. माझ्यापाशी आले तेव्हा मी वैतागून म्हटलं, "मला काय विचारता? धरा नाहीतर नका धरू!" "मग र्‍हाऊ दे," म्हणाले. त्या दिवसापासून मोजणीत आठ-नऊ माणसं उरली. त्यात मी होते. आणि आठ वाजता येणारीही मीच होते.

दोन वर्षांनी माझी इंदापूरला बदली झाली. सामान बांधून निरोप घ्यायला गेले. म्हटलं, "आबा, उद्यापासून एक कमी धरा. माझी बदली झाली."

"बदली म्हंजी काय धरायचं?" आबा म्हणाले. "इकल्यालं का मेल्यालं?"

"अहो, काहीच नाही. इथून तिथं जायचं."

"म्हंजी चुकल्यालं. चुकल्यालं कमी धरत न्हाईत. घावंपतूर वाट बघत्यात."

वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. "झालं! आता ह्येनी जेवायचं कवा?"

मी पुष्कळ समजावलं, शेवटी ओरडलेसुद्धा. आबा ढिम्म. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मीच एक तोड काढली. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नवा फोन बसला होता. मी म्हटलं, रोज सात वाजता तिकडून फोन करते, मी पोचले असं ऐकलं की तुम्ही जेवायचं. आबांनी बराच विचार करून होकार दिला. कुणी विचारू नये म्हणून गाव सोडलेली मी, इंदापूरच्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर रोज संध्याकाळी रांगेत उभी! पुढचा माणूस मुंबईच्या मेव्हण्याशी अर्धा तास बोलायचा आणि तिकडं म्हाताऱ्याची भाकरी वाळत असेल म्हणून माझा जीव खालीवर व्हायचा. फोन लागला की आबा विचारायचे, "पोचलीस का खोलीवर?" मी म्हणायची, "पोचले आबा." पोचलेली नसायचीच. त्यानंतर बाजार, मैत्रिणी, कधी सिनेमा. एवढं खोटं चालतं, असं मी ठरवलं होतं.

चार-पाच महिने असे गेले. मग एका संध्याकाळी आबा म्हणाले, "पोरी, उद्यापासनं फोन करू नगंस. गुडघ्यानं लई धरलंय. दुकानापतूर येववत न्हाय."

"मग माझी मोजणी?"

"तुला आल्याली धरतो आन् जेवतो."

डोळ्यांनी बघितल्याशिवाय, कानानं ऐकल्याशिवाय आबांनी कधी कुणाला धरलं नव्हतं. तोंडातून भलतंच निघालं, "आबा, मी वेळेवर जाते हो खोलीवर. पोचल्यावरच करते ना फोन."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "पोचल्यावर कुठली करतीस! मागं येष्ट्या वाजत्यात रोज. ठावं हाय मला."

"मग जेवत कसे होता?"

"आवाज यीत हुता न्हवं तुजा? त्येवढ्यावर जेवत हुतो. ठेव आता. सुमन बोंबलतीया."

फोन ठेवला आणि बूथमध्येच मला रडू फुटलं. आबांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करत होता. त्या दिवशी बाजारात गेले नाही, मैत्रिणीकडे गेले नाही. सरळ खोलीवर आले, कुलूप काढलं, दिवा लावला आणि त्या रिकाम्या खोलीत बारामतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आले हो आबा! जेवा आता एकदाचे!"