वाळवंटातल्या झाडाचा खडा

भूत, भानामती, अंगात येणं... असं सांगणाऱ्याले मी आजवर तोंडावर खोटारडा म्हनत आलो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्कल कोणाकडून उसनी आणली नाई. हे मोबाईलवर मीच एकेक अक्षर शोधून लिहून राह्यलो, म्हनून चुका पोटात घाला. जे झालं ते भर उन्हात, साऱ्या गावासमोर झालं.

गाव माह्यं समुद्रपूर तालुक्यात. कापूस-तुरीचं वावर. बायको गोदा. पोरगा विलास राजस्थानात, जैसलमेरकडे पवनचक्क्यायच्या कामावर. पोरगी रेखा — तिनं आपल्या मनानं जातीबाहेर लग्न केलं, आर्वीले राह्यते. तिले एक पोरगी हाये. मी तिचं तोंड पाह्यलं नाई. रेखासाठी माह्या घराचं दार बंद, ते बंदच. याच्यावर मले कोणाचा सल्ला नको, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या हिवाळ्यात विलासनं आम्हा दोघायले तिकडे नेलं. एक दिवस वाळवंटातलं सरकारी पार्क दाखवलं. उजाड माळ, नुसते लाल-पिवळे खडक, आणि मधात झाडायची खोडं पडलेली... पण लाकडाची नाई, दगडाची. वरून टिनाचं छत, भोवताल जाळी. साल दिसते, गाठी दिसतात, हात लावला तर दगड. विलास म्हनला, लाखो वर्षं मातीत दबून लाकडाचा दगड झाला. मी म्हनलं, ''असंल. आपल्याकडे माणसायचे होतात.''

गोदा हसली नाई. ती वाकून काहीतरी उचलून राह्यली होती. तिकडचा चौकीदार ओरडला, ''अम्मा, पत्थर नहीं उठाना.'' गोदानं पदर सारखा केल्यासारखं केलं आन् पुढं चालू लागली. गाडीत बसल्यावर पाह्यलं, तं मुठीएवढा तुकडा.

''घरी दगड कमी हायेत का?'' मी म्हनलं.

''हे झाड होय,'' ती म्हनली. ''रेखाच्या पोरीले नेऊन देईन.''

''माह्या घरात ते नाव नको.''

''गाडीत घेतलं, अवो. घर लांब हाये अजून.''

विलास गालात हसला. मी नाई.

दोन दिवसांनी गोदा दुपारी जेवून आडवी झाली ते उठलीच नाई. डॉक्टर म्हनला, हार्ट. तिकडेच अग्नी दिला. तिकडच्या लोकायनं सारं मनापासून केलं, पण आपली रीत येगळी. मडकं फोडल्यावर जीवखडा उचलाचा असते. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात राह्यते, दहाव्याले तो नदीत सोडतात, मग माणूस मोकळा. त्या गडबडीत खडा उचलाचं कोणाच्याच ध्यानात राह्यलं नाई. रेल्वेत अस्थीचं गाठोडं मांडीवर घेतलं तवा मले आठवलं.

विलास म्हनला, ''बाबा, स्टेशनवरचा कोणताही खडा घ्या.''

मी गोदाच्या पिशवीतून तो झाडाचा तुकडा काढला. तिच्या हातचा होता. आन् खरं सांगतो, तो आर्वीले जाणार नाई हेही मले पाह्यजेच होतं. काढता काढता पायावर पडला, अंगठ्याचं नख काळं झालं. इतका जड. घरी पितळी वाटीत पाण्यात ठेवला, रोज पाणी बदललं. वाटीच्या बुडाशी दगडासारखा बसून होता. हे ध्यानात ठेवा.

दहाव्याले वणा नदीवर गेलो. कावळा लगेच शिवला. सारे म्हनले, माउली तृप्त गेली. महाराजायनं सांगितलं तसं विलासनं नदीकडे पाठ केली आन् खडा खांद्यावरून मागं टाकला.

बुडाल्याचा आवाजच आला नाई.

मी पाह्यलं. खडा पाण्यावर तरंगून राह्यला होता. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा. धार खाली जात होती, खडा आडवा सरकत काठाले आला, माह्या पायापाशी थांबला. विलासनं पुन्हा टाकला, पार मधात. पुन्हा आला. महाराजायनं मंत्र अर्धाच सोडला आन् चपला पाहू लागले.

गोदाचा भाऊ नामदेव जवळ आला. ''भाऊजी, आमच्या बाईचं मन कशात होतं ते साऱ्यायले ठाऊक हाये. पोरीले हाक मारा.''

रेखा वर बाभळीपाशी उभी होती. घाटावर उतराचं नाई, असा निरोप मीच धाडला होता.

''दगडाच्या सांगण्यावरून मी घर चालवत नाई,'' मी म्हनलं.

रेखा तिथूनच बोलली, ''बाबा, मी घरात येत नाई. तुम्ही हाकही मारू नका. तो दगड तेवढा द्या. मायनं माह्या पोरीसाठी घेतला होता, मले फोनवर सांगितलं तिनं.''

म्हंजे माह्या पाठीमागं फोन चालत होते. माह्या डोक्यात आग गेली. मी खडा उचलला. हाताले वजन नाई, नुसता कापूस. तसाच नदीत उतरलो, खडा पाण्यात धरला आन् टाच देऊन खाली दाबला.

तो वर येत होता. कसं सांगू... झोपेत कोणी हातानं आपल्याले बाजूले सारते ना, तसा. एकदा नाई, घडीघडी. मी सारं अंग त्याच्यावर टाकलं. नामदेव ओरडून राह्यला होता, ''भाऊजी, पाय काढा, पाय काढा ना...'' मी काढला नाई. मग खालचं ते सारणं हळू झालं. मग थांबलं. टाचेखाली जड, थंड दगड लागला, आन् गाळात गेला.

मी वर पाह्यलं. रेखा काठापर्यंत आली होती. डोळ्यात पाणी नाई.

''काढा आता पाय, बाबा,'' ती म्हनली. ''झालं ते.'' आन् चढून निघून गेली. तिच्यामागं नामदेव गेला. मग विलासही गेला.

नंतर मी वर्ध्याच्या एका कॉलेजातल्या भूगोलाच्या मास्तरले विचारलं. तो म्हनला, काका, तसला दगड तरंगूच शकत नाई. आन् तरंगला तं मग बुडणार नाई. दोन्ही माह्या डोळ्यानं पाह्यलं म्हनलं, तं त्यानं मले चहा पाजून वाटेले लावलं. गावातल्या पोरायनं गाळ उपसून पाह्यला. तिथं तसा खडा नाई.

माणूस मेला की संपला, हे मी आजही म्हनतो. गोदा त्या खड्यात नव्हती. दगड होता, दगडच.

पण विलास राजस्थानले परत जाताना बॅग उचलून दारात थांबला. म्हनला, ''बाबा, दगडच होता तं तुम्ही त्याले, 'मरून जा एकदाची' असं काऊन म्हनत होते?''

मी असं म्हनलो हे मले आठवत नाई. घाटावरच्या साऱ्यायनं ऐकलं म्हनतात.