बाळंतिणीचा शेक

लू मेहने चाळीस वर्षं सुईणपण केलं. चार गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली आणि तिच्या शिव्या खाऊन मोठी झाली. बाळंतिणीला शेकाशिवाय मात्र तिने एकदाही ठेवलं नव्हतं. करेन्नी लोकांच्या डोंगरात बाळंतीण सात दिवस विस्तवापासून हलत नाही.

आता पोटची लेक न्ये मेह निर्वासितांच्या छावणीत बाळंत झाली, तेही भर दुपारी. दिवसा चूल पेटवायला बंदी होती. धूर दिसला की लष्कराचं विमान येतं, असं पंच सांगत. पळून पळून ही चौथी छावणी. पुढे लष्कराची चौकी, मागे पुराने फुगलेली नदी. जायचं तरी कुठे? लेक विमानापासून लपायला खणलेल्या खंदकातल्या ओल्या मातीवर कुडकुडत पडली होती.

"मावशी, विस्तवाचं मनातसुद्धा आणू नका," पंच क्लॉ रेह म्हणाला. "एका बाईपायी सहाशे जीव घालवायचे का?"

"तुझ्या आईला मीच शेकलं, मेल्या! नाहीतर एवढं बोलायला तू कुठला उरतोस?"

पण त्याचंही चुकत नव्हतं, हेच तिला जास्त झोंबलं. तिने घमेलं उचललं आणि ती बाजूची टेकडी ओलांडून पलीकडच्या ओसाड शेतात गेली. तिथे तिने विस्तव पेटवून दगड तापवायला घातले. धूर वर चढला तशी ती आभाळाकडे बघून ओरडली, "यायचं तर इथे ये! मी एकटीच आहे."

विमान आलं. त्या धुराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ पुढे जाऊन त्याने छावणीवर दोन बॉम्ब टाकले.

तापलेले दगड घमेल्यात भरून ती ठेचकाळत उतरली. वाटेत निम्मे सांडले, उरलेले निवले. खंदकाचं तोंड ढासळलं होतं. तिने हातांनी माती उपसली. लेक जिवंत होती, बाळ छातीशी होतं.

"आई, फार थंडी वाजतेय गं."

समोर बांबूची शाळा जळत होती. क्लॉ रेह बायकोच्या प्रेताजवळ बसला होता. तो उठला आणि त्याने फावड्याने शाळेतले निखारे ओढून लू मेहपुढे आणून ओतले.

"शेका, मावशी. आता कसली बंदी?"

तिने दगड निखाऱ्यांत सारले. त्या उबेची तिला शिसारी आली, आणि लेकीची थरथर हळूहळू थांबत गेली.