पांढरा शर्ट आणि दुसरा पाट

संज्या, एकोणनव्वद साली पनवेलच्या एसटी स्टँडवर तू माझी ट्रंक उचललीस ना, तेव्हापासून मी तुझ्यावर जळतोय. ताकद माझी जास्त! पण तेव्हा मी घरची थोरली मुलगी, तुझी मंगलताई, अंगावर ओढणी. बाबा आईला समजावत होते, "पुणं लांब असलं तरी मुलींचंच कॉलेज आहे. काळजी नाही." आई रडत होती आणि माझं सगळं लक्ष ट्रंकेतल्या तुझ्या पांढऱ्या शर्टात. हो, मीच चोरला होता. धाकट्या छायावर आळ आला, तरी गप्प बसलो.

मुलींच्या कॉलेजात नाटकातली पुरुषांची कामंही मुलीच करतात. पहिल्या गॅदरिंगला नवऱ्याचं काम मला मिळालं. तुझा शर्ट, डिंकाने चिकटवलेली मिशी. दीड तास एक मुलगी सगळ्यांसमोर मला 'अहो' म्हणत होती आणि कुणीही हसलं नाही. हात कुठे ठेवायचे, कसं उभं राहायचं, सगळं आपोआप जमलं.

दुसऱ्या वर्षी ते काम नीलाला दिलं. वेणी टोपीत कोंबून ती मिशीला पीळ देत खिदळायची. प्रयोग संपल्यावर खोबरेल लावून तिने मिशी काढली आणि विंगेत भिरकावली. माझा नुसता जळफळाट! मला जे मागायचीही सोय नव्हती, ते हिने असं टाकून द्यावं? मी ती उचलली, धुतली आणि सकाळी लावून सरळ मेसमध्ये नाश्त्याला गेलो. मूर्खच मी! रेक्टरबाईंनी घरी पत्र धाडलं.

बाबा आले. तुझा शर्ट घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाले, "नाटक संपलं की मिशी काढायची असते." पदवी घेतली, पण पनवेलला परतलो नाही. छापखान्यात लागलो, मंगेश झालो. तुझ्या लग्नाची बातमी दुसऱ्याकडून कळली. घोड्यावर बसलास म्हणे. दोन दिवस घास उतरला नाही मला.

यंदा छापखान्यात छायाचा फोन आला, "भाऊबीजेला ये." आलो. पाट बाबाच मांडतात, दरवर्षी एकच, तुझा. या वेळी माझ्याकडे न बघता त्यांनी दुसरा मांडला. छाया म्हणाली, "आधी थोरल्या दादाला ओवाळते," आणि तू बाजूला सरकलास.

डोळे भरून यायला हवे होते. छे! मी बघत होतो, तुझ्या पाटाभोवती कमळं आणि माझ्याभोवती घाईघाईची एक रेघ. पण परक्याच्या घरी रांगोळी कोण बघत बसतं रे? पुढच्या दिवाळीला मलाही कमळं हवीत. छायाला आत्ताच सांगून ठेव.