ऑगस्टीन परेरा यांनी बसून ऐकलेला परिचय

ऑगस्टीन मॅथ्यू परेरा. जन्म १९२४, मरोळ गावठाण, अंधेरी. मृत्यू १९७६, त्याच घरी. औषधांच्या कारखान्यात भांडार-कारकून.

गावठाणातील लग्नांत टोस्टचे, म्हणजे पेले उंचावून वधूवरांचा गौरव करण्याचे, भाषण करण्याचा मान परेरांकडे होता. घरीदारी सारे मराठी बोलत. टोस्ट मात्र इंग्रजीतच व्हायचा. वडिलांकडून ऐकून पाठ केलेले भाषण ऑगस्टीन वीस वर्षे खणखणीत आवाजात म्हणत आले. अर्थ अर्धामुर्धाच ठाऊक होता.

भांडारप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती इंग्रजीची वरची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यालाच मिळणार होती. म्हणून त्यांनी संध्याकाळचे वर्ग धरले आणि १९६९ साली ते शेवटच्या वर्गात पोहोचले. तेथे एका धड्यात त्यांना आपल्याच भाषणातले वाक्य भेटले: तुमच्या घराचे दार कोणालाही बंद नसो. त्यांचे बोट त्या ओळीवरच थांबले. एवढे मोठे मागणे आपण घरोघर मागत आलो, आणि आपल्याला पत्ता नाही!

परीक्षेसाठी प्रत्येकाने स्वतःचा परिचय लिहून वर्गापुढे वाचायचा होता. ऑगस्टीन यांनी लिहिला तो टोस्टच्या घाटाचा. त्यात आईवडील होते, धर्मपिता होते, लग्नाच्या आदल्या दिवशी जिच्यावरून वाजतगाजत पाणी आणतात ती विहीर होती. शेवटी सर्वांना पेले उंचावण्याची विनंती होती.

शिक्षक श्यामसुंदर कर्णिक म्हणाले, "परेरा, यात सगळं गाव आहे. तुम्ही कुठे आहात?"

त्यांनी तो पुन्हा लिहिला. वाचनाच्या दिवशी उभे राहिले, आणि तोंडातून शब्द फुटेना. ज्याचा गौरव व्हायचा तो मान खाली घालून बसतो, त्याच्यासाठी दुसरा उभा राहतो, ही गावठाणाची रीत त्यांच्या हाडात मुरलेली होती. शेजारच्या बाकावरील नलिनी पेडणेकर या बँकेतील मुलीने वाचावे, अशी त्यांनी विनंती केली. कर्णिकांनी स्पष्ट सांगितले, की मग वाचनाचे गुण मिळणार नाहीत आणि जागाही हातची जाईल.

ऑगस्टीन यांनी कागद नलिनीपुढे ठेवला.

"जाऊ दे, सर. पण ते मला ऐकायचंय. नलिनी, तू वाच गं."

"काका, नीट विचार केलात ना?"

"वाच."

ते गुडघ्यांवर हात ठेवून नवरदेवासारखे बसले. नलिनी वाचू लागली. जेथे आजी भाताची लावणी करी, तेथेच आज कारखान्याचे भांडार उभे आहे. मी त्याच जमिनीवर औषधांच्या पेट्या मोजतो, आणि पावसाळ्यात तळच्या पेट्यांना ओल चढली की मला आजीची आठवण येते. हे सारे आपल्याच बाबतीत घडले? तेही या इंग्रजी भाषेत मावते? ऑगस्टीन यांना आपले आयुष्य प्रथमच पाहुण्यासारखे दारात उभे दिसले. त्यांनी डोके झुकवले. कर्णिकांनी चष्मा काढून हातात धरला.

गुण कमी पडले. भांडारप्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली आणि ऑगस्टीन अखेरपर्यंत कारकूनच राहिले. वडिलांचे भाषण त्यांनी त्या वर्षापासून सोडले. प्रत्येक जोडप्यासाठी ते नवे लिहू लागले.

नलिनीच्या लग्नात बोलण्याचे त्यांनी कबूल केले होते. ते लग्न त्यांच्या निधनानंतरच्या वैशाखात झाले.