गोळ्या की सून?

नोकरीत हाताळलेल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता डोक्यातून निघून गेले आहेत. दर्पण कॉलनीतल्या या प्रकरणात मात्र शेवटी गुन्हाच निघाला नाही, आणि तेच मला सगळ्यांत स्वच्छ आठवतं.

त्या वेळी मी ग्वाल्हेरला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. चाळिशीच्या आसपासच्या एक बाई आत आल्या. दारावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून त्यांनी मराठीतच सुरुवात केली.

"साहेब, माझ्या आईला घरात काहीतरी खिलवलं जातंय. वहिनीवर माझा शक आहे. भैया तो कुछ बोलता ही नहीं."

आई म्हणजे विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. घर त्यांच्या नावावर, सोबत मुलगा आणि सून. मधुमेह जुना, त्यामुळे पायांना मुंग्या यायच्या, तळव्यांची आग व्हायची. त्यावर व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू होत्या. पण गेल्या काही महिन्यांत पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाले होते आणि हातही सुन्न पडू लागले होते. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नसे.

काही विषं शरीरात हळूहळू भिनतात आणि आधी हातपाय बधिर करतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी लेखी अर्ज घेतला आणि चौकशी सुरू केली. पंचांसमोर घरातलं पीठ, मसाले आणि सगळी औषधं जप्त केली. सरकारी रुग्णालयात त्या आजींचं रक्त, केस आणि नखं यांचे नमुने घेतले. मधुमेहाच्या गोळ्या दुकानातून नव्या आणल्या, व्हिटॅमिनं तेवढी बंद राहिली. त्याच दिवशी लेक आईजवळ राहायला आली आणि सून शहरातल्याच दाना ओली भागात माहेरी गेली. आजींना हे मुळीच पसंत नव्हतं. पण मुलगा म्हणाला, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, आई," आणि त्यांनी तोंड फिरवलं.

सुनेचा जबाब मी महिला हवालदारासमोर घेतला. सुती साडी, सरळ नजर. रडारड नाही.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"औषधं कोण देतं?"

"मीच. आईंच्या बोटांना गोळी धरवत नाही आता."

"मग मी संशय कोणावर घ्यायचा?"

"माझ्यावरच घ्यावा लागेल," ती म्हणाली. "पण तपास पुरता करा. अर्ध्यावर सोडलात तर ही गोष्ट जन्मभर माझ्या मागे येईल."

मी अनेकांच्या चौकशा केल्या होत्या. ज्याच्या मनात काही असतं त्याला प्रकरण लवकर मिटायला हवं असतं. तो ओळखी काढतो, तब्येतीचं सांगतो. ही बाई तपास वाढवा म्हणत होती. नणंदेबद्दल ती वाकडा शब्द बोलली नाही. मी मुद्दाम डिवचलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई रोज फोन करतात आईंना. त्यांना दिसतंय आई खचतायत. कोणावर तरी राग निघणारच."

प्रयोगशाळेचा अहवाल यायला बरेच महिने लागले. विष कशातच नव्हतं. अन्नात नाही, रक्तात नाही, नखांत नाही. गोळ्यांतही लेबलवर लिहिलेलंच होतं. मी फाईल बंद करायच्या विचारात होतो, तेवढ्यात लेक पुन्हा आली.

"अहवाल काहीही म्हणो. वहिनी गेल्यापासून आई सुधरतेय. पावलांना फरशी गार लागते म्हणते. हे कसं झालं, ते सांगा मला."

मी घरी जाऊन पाहिलं. खरंच होतं. आजी भिंतीचा आधार न घेता उभ्या राहिल्या.

आता माझी पंचाईत झाली. कागद सुनेच्या बाजूने बोलत होता आणि आजींचे पाय तिच्या विरुद्ध. मी ठाण्याच्या मालखान्यातून जप्त केलेली औषधं मागवली आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या मज्जासंस्थेच्या डॉक्टरबाईंसमोर ठेवली. त्यांनी तीन डब्या बाजूला काढल्या.

"ही डॉक्टरांनी लिहून दिलेली. बाकीच्या दोन कुठून आल्या?"

एक मुलाने इंटरनेटवरून मागवली होती, 'नसांच्या ताकदीसाठी'. दुसरी लेकीने टोपी बाजारातल्या ठोक दुकानातून आणली होती.

"तिन्हींत बी-सहा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाव वेगवेगळं छापलंय, म्हणून घरच्यांना कळलं नसेल. हे व्हिटॅमिन थोडं हवंच असतं. पण फार दिवस फार जास्त पोटात गेलं तर तेच नसांना इजा करतं. हातपाय बधिर होतात."

"म्हणजे ज्यासाठी घ्यायचं, तेच?"

"तेच. बंद केलं की हळूहळू उतार पडतो. बहुतेक हेच झालंय."

मी आजींना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. बधिरपणा वाढला तसा त्यांनी स्वतःच डोस वाढवला होता. सूनबाई नको म्हणायची, पण व्हिटॅमिन जास्त झालं तर लघवीतून निघून जातं, असं त्यांनीच तिला समजावलं होतं.

लेकीला मात्र हे पटेना. आपण हौसेने आणलेल्या गोळ्यांनी आईचे पाय गेले, हे कोणाला सहज पटेल?

दोन दिवसांनी आजी स्वतः ठाण्यात आल्या. हातात काठी. मुलाला त्यांनी बाहेर गाडीतच बसवलं होतं. ठाण्याच्या पायऱ्या एकेक पाऊल चाचपत त्या चढल्या. हवालदार हात द्यायला गेला, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"साहेब, डॉक्टर म्हणतात गोळ्या आणि माझी लेक म्हणते सून. दोन्ही एकाच दिवशी बंद झाल्या, म्हणून तुमचा निकाल लागत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग दोन्हींतली एक परत सुरू करायची. शाळेत मी पोरांना हेच शिकवत आले. सुनेला घेऊन येते घरी. तिच्या हातचंच जेवेन. गोळ्या बंदच."

"आजी, मला यात हो म्हणता येणार नाही. माझ्याकडे अर्ज आहे. उद्या काही झालं तर?"

"तुमची परवानगी मागायला आले नाही मी. जेवण माझं, जीव माझा. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगून ठेवते."

तिथून त्या थेट दाना ओलीत गेल्या आणि सुनेला घेऊन आल्या. लेकही घरीच राहिली, पहाऱ्यावर असल्यासारखी. सून पोळ्या लाटायची, नणंद दारात उभी राहून बघायची, आणि आजी लेकीच्या डोळ्यांसमोर सुनेच्या हातचा पहिला घास तोंडात घालायच्या. मी अधूनमधून चक्कर टाकत होतो. भांड्यांचाच आवाज यायचा.

आजी सुधारतच गेल्या. पुढे एकदा मी गेलो, तेव्हा त्या पोलक्याची बटणं स्वतः लावून बाहेर आल्या आणि ते मला सांगितलंही. जुना मधुमेह होता, त्यामुळे मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. पण आता त्या एकाच डॉक्टरच्या सल्ल्याने चालत होत्या. घरी येणारी प्रत्येक डबी आधी तिथे दाखवली जायची.

लेक अर्ज मागे घ्यायला आली, तेव्हा सून तिच्यासोबत होती. सही करताना लेकीचा हात थांबला. ती मला म्हणाली, "साहेब, मैं किस मुँह से..."

सुनेने कागद तिच्यापुढे नीट सरकवला. "ताई, करा सही. माझ्या आईचे पाय असे गेले असते तर मीपण ठाण्यातच आले असते."

मी मान खाली घालून ठाण्याच्या रोजनाम्यात नोंद केली.

आम्हा पोलिसांना शिकवलेलं असतं की आधी हेतू शोधा. इथे प्रत्येकाचा हेतू चांगला होता. मुलाला आई चालायला हवी होती, लेकीलाही, आणि सून वेळ न चुकवता गोळ्या हातावर ठेवत होती. इजा त्या मायेतूनच झाली. नुकसान दिसलं की वैरी शोधायची माझी सवय त्या प्रकरणानंतर कमी झाली. आधी मी बघायला लागलो की घरात कोण काय चांगल्या मनाने करतंय.

आणि धैर्याचं म्हणाल, तर हत्यारबंद माणसांवर चालून जाणारे शिपाई मी पाहिलेत. पण जिच्यावर विषाचा आरोप आहे तिच्यापुढे ताट ठेवून "वाढ" म्हणणाऱ्या त्या सासूइतकं धीराचं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. आणि तिला वाढणाऱ्या सुनेइतकंही नाही.